बिननावाचं पाणी

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये, असं म्हणतात. नदीच्या तोंडाबद्दल मात्र कुणी काही सांगून ठेवलेलं नाही, त्यामुळं वांजरतोंडची माणसं त्याबद्दल वाटेल ते बोलत आली. वांजरा इथं येऊन गंगेला मिळते. पुस्तकात हिला मांजरा म्हणतात आणि तिला गोदावरी, पण पुस्तकातल्या नद्या या गावावरून कधी वाहिल्या नाहीत. दोन कोसांवर तेलुगू मुलूख लागतो. नावा होत्या तेव्हा गंगेच्या त्या काठावरून ‘पडवाऽऽ’, म्हणजे तेलुगूत नाव, अशी हाक यायची आणि या काठावरून नावाडी व्यंकटी ‘आलोऽऽ’ म्हणून ओरडायचा. मधल्या पाण्याला दोन्ही भाषा कळत. आता हाका बंद झाल्या आहेत आणि दिवसभर वाळू उपसायच्या मशीनचा आवाज तेवढा असतो.

तो आवाज तीन दिवस बंद होता. राजी जाऊन आज तिसरा दिवस.

सकाळी राख सावडून माणसं परत आली, आंघोळी झाल्या, आणि व्यंकटीची बायको कावेरीबाई मागच्या अंगणात चुलीपाशी जाऊन बसली. समोर येळवशीची, वेळा अमावस्येच्या जेवणाची, भांडी तशीच होती. डाळी-भाज्यांच्या भज्जीला बुरशी धरली होती, बाजरीचे उंडे वाळून दगड झाले होते. सून दोनदा उचलायला आली, दोनदा कावेरीबाईनं तिचा हात झिडकारला. येळवशीला सगळं गाव शेतात जेवतं. यांचं शेत वांजरेच्या पलीकडच्या काठाला. राजी म्हणजे कावेरीबाईच्या लेकीची, बबिताची, एकुलती लेक, एकोणीस वर्षांची, नांदेडला नर्सिंगला होती. येळवशीसाठी म्हणून मुद्दाम आली होती. आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या पुढं निघाली आणि उताराच्या अकराव्या काठीपाशी पाण्यात खाली गेली. मडकं तेवढं वर आलं.

“व्यंकटीमामाचा उतार कधी चुकला न्हवता बाई,” समाचाराला आलेली शेजारीण पदर तोंडाला लावून म्हणाली. “वय झालं म्हनायचं. नदर जाती मानसाची.”

“चुकला न्हाई त्यो,” कावेरीबाई म्हणाली.

“मंग?”

कावेरीबाई चुलीतली गार राख काडीनं उकरत राहिली.

उतार म्हणजे पायी नदी ओलांडायची वाट. दरसाल पाऊस सरला की व्यंकटी तळपायानं वांजरेचं बूड चाचपत जायचा आणि जिथं पाणी गुडघाभर, तिथं ओळीनं शेवरीच्या काठ्या रोवायचा. प्रत्येक काठीला चिंधी बांधायची. काठ्या नेहमी प्रवाहाच्या खालच्या अंगाला, आणि माणसानं वरच्या अंगानं चालायचं, म्हणजे पाय सुटलाच तर पाणी त्याला काठीकडंच ढकलतं. व्यंकटीचा बाप निजामाच्या काळात उतार लावायचा, तेव्हा पहिल्या दिवशी पाटलाकडून नारळ यायचा. आता पाटील औरंगाबादला असतो आणि पूल होऊन वीस वर्षं झाली. नारळ व्यंकटी स्वतःच आणतो, स्वतःच फोडतो आणि खोबरं पोरांना वाटतो. गाव हसायचं त्याला. पण पूल दोन कोस लांब, म्हणून हसणारेही जायचे उतारानंच.

आतल्या खोलीत बबिता राजीची कॉलेजची बॅग, वर पूर्ण नाव ‘राजकन्या’ लिहिलेली, मांडीवर घेऊन बसली होती. तीन दिवसांत ती बापाशी एक शब्द बोलली नव्हती. काल व्यंकटीनं दारात उभं राहून “बबे” अशी हाक मारली, तर तिनं भिंतीकडं तोंड केलं. नवऱ्यानं सोडल्यावर शिरूर अनंतपाळहून सात वर्षांच्या राजीला घेऊन ती परत आली, तेव्हा यानंच तिला ‘बस इथं, घर तुझंच हाय’ म्हणून सांगितलं होतं. त्या बापानं आपली पोर बुडवली, असं तिला वाटत होतं. ते कावेरीबाईला दिसत होतं. आणि ते खरं नाही हेही कावेरीबाईला ठाऊक होतं, कारण येळवशीच्या आदल्या दिवशी भारत, तिचा धाकटा, मांडीपर्यंत भिजून घरात आला होता आणि म्हणाला होता, “माय, एखादी लाल चिंधी दे की.”

तिनं विचारलंसुद्धा नव्हतं कशाला म्हणून. जुन्या लुगड्याचा काठ टर्रकन फाडून दिला होता.

*

गच्चीवरून दोन्ही नद्या दिसत. भारतनं हे दुमजली घर बांधलं ते त्यासाठीच, असं तो पाहुण्यांना सांगे. दयानंद, त्याचा थोरला भाऊ, लातूरला शाळेत शिक्षक. तो कठड्याला टेकून उभा होता आणि बोलायचं सोडून नुसता बघत होता. त्याच्या लहानपणी या वाळूत टरबुजांचे वाफे असत, काठाला गाड्यांची रांग लागे, कासारणी बांगड्यांच्या पेट्या सांभाळत नावेत चढत आणि बाजाराच्या दिवशी व्यंकटीला जेवायला फुरसत नसे. आता वांजरेचं पात्र कुणीतरी नांगरून टाकल्यासारखं दिसत होतं. ढिगारे, खड्डे, पुन्हा ढिगारे. संगमावर सरकारनं फरशीचा घाट बांधला होता आणि पाणी त्या घाटापासून शंभर हात लांब गेलं होतं. रस्त्याच्या कडेला वाळूच्या हायवा गाड्या झाकून उभ्या होत्या. त्यांच्या मागं लॉज, बिअर बार आणि भारतच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. फ्लेक्सवर भारत फोनवर बोलताना दाखवला होता.

“तीन वाजता जमादार येतायत,” दयानंद म्हणाला. “अमृतराव. माझा विद्यार्थी त्यांचा जावई आहे. बरा माणूस आहे.”

“काय इचारतील?”

“काय विचारणार? पाणी किती होतं, उतार कुणी लावला. आबांनी सांगायचं, मी लावला. वय झालंय, नजर कमी झालीय, तिथं डोह होता तो ध्यानात आला नाही. मी मुद्दाम डोह म्हणतोय. खड्डा शब्द कुणाच्या तोंडून यायला नको. खड्डा म्हटलं की पुढचा प्रश्न, खोदला कुणी.”

भारतनं तंबाखूची पुडी काढली आणि तशीच परत खिशात ठेवली.

“आबा म्हनतील का तसं?”

“मी बोलतो त्यांच्याशी. नाहीतर माय बोलेल.”

“दादा, येक सांगायचं हाय तुला. त्या दिवशी मशीन पल्याड न्यायची होती, तर...”

“नको सांगू.” दयानंदनं हात वर केला. “माझ्या कानावर घालू नको. उद्या मला कुणी विचारलं तर मला खोटं बोलता येत नाही.”

दयानंद सव्वीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवत होता. खरं ऐकायचंच टाळलं की खोटं बोलायची वेळ येत नाही, ही युक्ती त्याला तिथंच कुठंतरी सापडली असावी. तो खाली गेला आणि भारत गच्चीवर एकटा राहिला.

सांगायचं होतं ते एवढंच. त्याची वाळूची मशीन नदीतून आडवी नेताना चार काठ्या उपटाव्या लागल्या. मग तिथंच वाळू चांगली लागली म्हणून ऑपरेटरनं बकेट घातली, आणि पुरुषभर खाली गेल्यावर पाणी आत भरलं. संध्याकाळी भारत आला तर काठ्या काठावर पडलेल्या. त्याला पहिली आठवण झाली ती बापाची. ‘माझ्या काठ्याला हात लावला कुनी?’ असं आबा चारचौघांत ओरडतील, ऑपरेटरसमोर, पोरांसमोर. चाळिशीचा बाप्या, गावात लोक ‘भारतशेठ’ म्हणतात, आणि बापाच्या ओरड्याला भ्यायला. त्यानं स्वतः पाण्यात उतरून चारी काठ्या होत्या त्या ओळीत रोवल्या. दोन चिंध्या वाहून गेल्या होत्या, त्या घरून नव्या आणून बांधल्या. काठ्या खड्ड्याच्या ऐन कडेला, खालच्या अंगाला उभ्या राहिल्या, आणि माणसांची चालायची वाट नेमकी खड्ड्यावर आली. लांबून उतार अगदी पहिल्यासारखा दिसत होता. आबांना काही कळणार नाही याचं त्याला बरं वाटलं होतं.

घरच्यांना तर त्यानं टेम्पो सांगून ठेवला होता, पुलावरून जायला. सकाळी तो टेम्पोत सामान घेऊन पुढं गेला तेव्हा राजी दारात उभी राहून ओरडली होती, “मामा, टेम्पोत काय मजा? म्या आबाच्या उतारानं येते.”

त्यानं मागं बघून हात हलवला होता. त्याच्या डोक्यात त्या वेळी काय होतं, हे तो तीन दिवस आठवत होता. काहीच नव्हतं. खड्डा तो विसरला होता.

*

व्यंकटी घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसला होता. पायरीखाली नुसती वाळू. लांबवर काठ्यांची ओळ उभी होती, चिंध्या वाऱ्यानं हलत होत्या. पोलिसांनी काठ्यांना हात लावू नका म्हणून सांगितलं होतं.

वर पंधरा आणि खाली पंधरा कोस, कुणी बुडालं की व्यंकटीला बोलावणं यायचं. पंगतीतून उठून तो गेलेला आहे. बुडालेल्याला बाहेर काढायचं त्यानं कधी काही घेतलं नाही, फक्त एक नारळ, तोही नदीला देण्यासाठी. किती माणसं काढली ते त्यानं मोजलं नाही. या वेळी कुणी बोलावलं नाही, तो शेतातून पळतच आला होता. शहात्तराव्या वर्षी बुडी मारली. राजी तळाशी सापडली, साडी वाळूत अडकलेली. तिला सोडवताना त्याचा हात बाजूच्या भिंतीला लागला.

भिंतीला लागला, असंच त्याच्या मनात आलं. नदी भिंत करत नाही. नदी पोखरते, घासते, गोल करते. ही कड सरळ होती, आणि वाळूखाली चिकणमातीचा थर होता त्यावर चार रेघा होत्या, चारी सारख्या, बोट बसेल एवढ्या. बकेटीचे दात. आणि पोरीला काठावर ठेवून त्यानं काठीचा आधार घेतला, तेव्हा चिंधीची गाठ दिसली. नावाड्याचीच गाठ, त्यानंच शिकवलेली, पण उलटी मारलेली. घरात डावरा एकच.

मागं पायऱ्यांवर कुणीतरी सावकाश उतरत होतं. कावेरीबाई येऊन दोन पायऱ्या वर बसली. गुडघे धरून बराच वेळ नुसती धापा टाकत राहिली.

“चिंधी माझ्या लुगड्याची हाय,” ती म्हणाली.

“गाठ डाव्या हाताची हाय,” व्यंकटी म्हणाला.

त्यानंतर दोघांना एकमेकांना काही सांगायचं उरलं नाही. चोपन्न वर्षांच्या संसारात त्यांनी इतकं मोठं बोलणं इतक्या थोडक्यात कधी केलं नव्हतं.

“दयानंद आला हुता का?” तिनं विचारलं.

“येऊन गेला. मला डोह म्हनायला सांगून राहिला. मास्तर हाय, धडा देऊन गेला.”

“मंग?”

“डोह कशाला म्हनू? डोहाला नाव असतंय. मुक्याच्या डोहाखाली उतार, उताराखाली तोंड. माझ्या बापानं दावलं, म्या पोरास्नी दावलं. नाव न्हाई त्यो डोह न्हाई. खड्डा हाय त्यो.”

“म्हना तरीबी.”

व्यंकटीनं वळून बायकोकडं बघितलं. तिचे डोळे कोरडे होते.

“बबितेला वाटून राहिलंय का म्याच तिची पोर मारली,” तो म्हणाला. “तोंड बघंना माझं. तिला तरी सांगू दे. तिला येकटीला.”

“न्हाई.”

“तुझी पोरगी न्हाई का ती?”

“हाय. म्हनूनच म्हनते.” कावेरीबाई एक पायरी खाली सरकली. “नवरा न्हाई, आता लेक न्हाई. आपन दोघं किती दिसाचे? मागं तिला भाकर कोन दील? भारतच की. त्याच्या घरात, त्याच्या बायकोच्या हातची खायाची हाय तिला. भावानं लेक मारली म्हनून कळलं तर तिच्या गळ्याखाली घास उतरंल का? कुठं जाईल ती? भावावरला राग जल्मभर पुरतो. बापावर धरू द्या. बाप चार दिसाचा हाय.”

वाळूवर एक टिटवी टिवटिवत फिरत होती. व्यंकटी तिच्याकडं बघत बसला. त्याला मनापासून वाटलं की आपण त्या दिवशी वर यायलाच नको होतं.

“आन माझा उतार?” तो म्हणाला.

“उताराचं काय, आवो? नदीच कुठं राहिली.”

*

जमादार अमृतराव बरोबर तीनला आले. अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. बरोबर एक तरुण शिपाई, लिहून घ्यायला. गावातले चार जण भिंतीच्या कडेला उभे राहिले, पंच म्हणून दोघं आणि नुसतेच दोघं. वांजरतोंडात कुठलीही गोष्ट नुसतेच दोघं असल्याशिवाय होत नाही.

बबिता दाराच्या आत उंबऱ्याला टेकून बसली. तिला यायचं नव्हतं. पण मयताच्या आईची सही लागते असं दयानंद दादा म्हणाला. मयत. तीन दिवसांत राजीचं नाव घ्यायचंच सगळ्यांनी सोडलं होतं. कुणी ‘पोर’ म्हणे, कुणी ‘लेकरू’, आणि आता हा शब्द.

“बसा आबा, बसा,” जमादार म्हणाले. “तुम्हाला त्रास देणं बरं वाटत नाही. माझ्या चुलत्याला तुम्हीच काढलं होतं पाण्यातून. दोन-चार गोष्टी विचारतो फक्त. उतार कुणी लावला होता?”

“म्याच.”

“कधी?”

“दिवाळी झाल्यावर.”

“मग त्यानंतर माणसं गेली-आली असतील की.”

“गेली आसतील.” व्यंकटी खाली बघत बोलत होता. “म्हातारा मानूस. नदर चालंना. काठ्या चुकल्या.”

हेच बबिताला ऐकायचं होतं, तीन दिवस हेच ती मनात म्हणत होती, की चूक तुमची, आबा, म्हणा एकदा. आणि आता ते ऐकून तिला बरं वाटेना. तिनं बापाकडं बघितलं. तो हातानं धोतराची कड चाचपत होता. तिच्या सगळ्या आयुष्यात बापाच्या तोंडून ‘काठ्या चुकल्या’ तिनं ऐकलं नव्हतं. शेजाऱ्यांशी भांडताना, मायशी भांडताना, कधीच नाही. एकदा दारू पिऊन पडला होता, तेव्हाही उठून पहिल्यांदा म्हणाला होता, काठ्या नीट हायत का बघा.

“म्हणजे काठ्यांच्या लगत खोल पाणी होतं,” जमादारांनी विचारलं. “कशामुळं?”

भारत उभा होता त्या भिंतीकडून नखानं रंग खरवडल्याचा आवाज येत होता. दयानंद पुढं वाकला आणि म्हणाला, “आबा, सांगा ना. डोह होता तिथं.”

“सर, त्यांना बोलू द्या.”

“डोह हुता,” व्यंकटी म्हणाला.

शिपायानं लिहिलं.

बबिता उठून उंबऱ्यावर उभी राहिली. लहानपणी संध्याकाळी नाव काठाला बांधली की आबा तिघांना ओळीनं बसवून डोह म्हणायला लावायचे, दुसऱ्यांच्या घरी पोरं पाढे म्हणत तसे. भारत तेव्हा एवढासा, मधला एखादा विसरायचा. विसरला की पाठीत धपाटा, कारण विसरलेला डोह माणूस घेतो. घोडेडोहात तहसीलदाराचा घोडा गेला होता. कासारणीच्या डोहात कासारणीची नाव उलटली होती. नदी ज्याला घेते त्याचं नाव डोहाला देते, असं आबा सांगत.

“आबा,” ती म्हणाली.

सगळे वळले. तीन दिवसांत तिचा पहिला शब्द होता तो.

“त्या डोहाचं नाव काय?”

कावेरीबाई स्वयंपाकघराच्या दारात होती, तिनं चौकट धरली.

“बबिता, काय हे?” दयानंद म्हणाला. “आत जा बरं.”

“घोडेडोह,” बबिता म्हणाली. “कासारणीचा डोह. सातीआसरा. मुक्याचा डोह. मंग उतार, मंग तोंड. तुमीच शिकवलं. मुक्याच्या डोहाखाली डोह न्हाई. असंल तर नाव सांगा त्याचं.”

“ताई, नाव कशाला पाहिजे?” जमादार समजुतीच्या सुरात म्हणाले. “डोह म्हटलं तरी चालतं आम्हाला.”

“आमाला न्हाई चालत सायब. बिननावाचा डोह नसतो. इचारा त्यास्नी.”

तिला नीट काही कळलेलं नव्हतं. एवढंच कळलं होतं की आबा खोटं बोलतायत, आणि आबा खोटं बोलतायत तर काठ्या चुकलेल्या नाहीत, आणि काठ्या चुकलेल्या नाहीत तर तिनं तीन दिवस चुकीच्या माणसाकडं पाठ फिरवली होती. एवढ्यात भिंतीकडचा नखांचा आवाज थांबला. तिनं तिकडं बघितलं. भारतनं तोंड ओंजळीत झाकलं होतं आणि त्याचे खांदे हलत होते. तो राजीसाठी तीन दिवस रडत होता, गावानं बघितलं होतं. पण आता तो रडत होता ते वेगळं. लहानपणी डोह विसरला की धपाट्याच्या आधीच असा रडायचा.

तिला कळलं. इतकं सरळ कळलं की तिनं उंबऱ्यावर खाली बसून घेतलं.

“आबा,” ती हळू म्हणाली. आता त्या हाकेत राग नव्हता. तुम्ही एक शब्द बोला, मी बाकीचं सोसते, असं काहीतरी त्यात होतं. “सांगा ना. नाव काय?”

व्यंकटीनं मान वर केली. त्यानं आधी लेकीकडं बघितलं, मग भारतकडं, मग दारातल्या बायकोकडं. कावेरीबाईनं मान अगदी थोडी आडवी हलवली.

“राजकन्येचा डोह,” व्यंकटी म्हणाला.

शिपायाचा पेन थांबला. “काय लिहू साहेब?”

अमृतराव म्हाताऱ्याकडं बघत होते. ते वाईट माणूस नव्हते. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना पुष्कळ गोष्टी न विचारता समजत, आणि समजल्यावर न विचारायचंही समजत असे.

“लिही,” ते म्हणाले. “राजकन्येचा डोह.” मग घसा साफ करून त्यांनी विचारलं, “जुना आहे का, आबा?”

“लई जुना हाय,” व्यंकटी म्हणाला. आवाज अजिबात कापला नाही. “माझ्या बापानं दावला हुता मला.”

कावेरीबाई मागच्या अंगणात गेली आणि भज्जीची भांडी उचलून उकिरड्यावर पालथी घालू लागली. त्यांचा आवाज पुढच्या अंगणात येत होता. शिपायानं जबाब वाचून दाखवला. पंचांनी सह्या केल्या. मग कागद बबितापुढं आला. दयानंदनं जागा बोटानं दाखवली. वरच्याच ओळीत लेकीचं नाव लिहिलं होतं, ते आता पाण्याचं नाव झालं होतं. बबितानं ते दोनदा वाचलं. तिला ओरडता आलं असतं. पण ओरडून कुणाच्या दारात जायचं, हे तिला सुचलं नाही. तिनं पूर्ण नावानं सही केली, आणि उठून बापासाठी तांब्याभर पाणी आणलं. व्यंकटीनं ते घेतलं नाही. घ्यायला हात पुढं केला होता, पण तो परत मांडीवर ठेवला.

चौथ्या दिवशी मशीन सुरू झाली, थोडी वरच्या अंगाला, कारण नाव पडलेल्या डोहातून वाळू काढत नाहीत. त्या डोहाच्या काठाला कुणीतरी हिरव्या बांगड्या आणि खण ठेवून गेलं. काठ्या पुराची वाट बघत तशाच राहिल्या. पुढच्या दिवाळीनंतर व्यंकटीला उताराचं कुणी विचारलं नाही, आणि तोही नदीवर गेला नाही. पण ते फार पुढचं झालं. डोहाचं नाव रुजायला तर आठ दिवसही लागले नाहीत. चावडीवर बसणारी म्हातारी माणसं, ज्यांनी सत्तर वर्षं त्याच जागेतून गुडघाभर पाण्यानं ये-जा केली होती, तीही बाहेरच्या माणसाला सांगू लागली की राजकन्येचा डोह फार जुना, आपण लहानपणापासून ऐकत आलोय.